इनुइटांच्या गोष्टी म्हणजे नुसत्या दंतकथा?

उत्तरवारा: १८४५ मध्ये आर्क्टिकच्या बर्फातून वाट शोधायला निघून हरवलेल्या ब्रिटिश कप्तान फ्रँकलिनच्या 'एरेबस' आणि 'टेरर' या जहाजांवर, आणि तिथल्या मूळ रहिवासी इनुइटांवर बोलताना काल इथे एकाने लिहिलं, "इनुइटांच्या गोष्टी ऐकायला छान, पण तो इतिहास नव्हे. जहाजं सोनारने, म्हणजे पाण्याखाली आवाजाने शोधणाऱ्या यंत्राने सापडली." रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा. १८५४ मध्ये तिकडे फिरणाऱ्या जॉन रे या ब्रिटिश संशोधकाला इनुइटांनी सांगितलं की गोरे खलाशी उपाशी मेले, शेवटी मेलेल्यांचं मांस खाल्लं. अधिकाऱ्यांचे चांदीचे चमचेही त्यांच्याकडे निघाले. लंडनमध्ये कादंबरीकार डिकन्सने मात्र इनुइटांनाच खोटं पाडलं. पुढे कॅनडाच्या उत्तरेतल्या किंग विल्यम बेटावर हाडं मिळाली, त्यांवर सुरीच्या खुणा. आणि 'एरेबस' २०१४ मध्ये त्या बेटाच्या दक्षिणेला सापडलं, इनुइट जहाज बुडाल्याचं सांगत होते त्याच भागात.

पायथागोरस: तो प्रतिसाद माझा, आणि मी मागे घेत नाही. "त्याच भागात" म्हणजे शेकडो चौरस किलोमीटर! पार्क्स कॅनडा ही तिथली सरकारी संस्था २००८ पासून शोधत होती, मग सहा वर्षं का लागली? माझी आजी बेचाळीसच्या गोळीबाराची गोष्ट सांगायची. दर दिवाळीला त्यातली माणसं वाढायची. आजी जीव की प्राण, पण तिला पुरावा म्हणणार नाही.

हिमगौरी: तुमच्या आजीला कुणी टोकत नव्हतं. मी इकालुइतमध्ये, कॅनडातल्या इनुइटांच्या गावात, दोन वर्षं काढलीत. शेजारच्या आजी जमिनीवर पुठ्ठा अंथरून उलूने, म्हणजे अर्धगोल सुरीने, सील हा समुद्री प्राणी कापत होत्या, भाचा जुन्या शिकारीची गोष्ट सांगत होता. वाऱ्याची दिशा चुकली तशी त्यांनी त्याला थांबवलं, पहिल्यापासून सांगायला लावलं. बर्फावर वारा चुकला की माणूस परत येत नाही.

तुळस: बाकी पटलं. पण आता दुकानं असताना सील मारायचे कशाला? वाचूनच कसंतरी झालं.

हिमगौरी: दुकानातला माल विमानाने नाहीतर उन्हाळ्यातल्या जहाजाने येतो, भाव बघून डोळे पांढरे होतात. १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट मारतात ते मुख्यतः मोठे सील, तरी त्यांच्याही कातड्यांचा भाव कोसळला. कातडी विकून शिकारीच्या पेट्रोलचे पैसे यायचे, तेच बंद झाले.

सुकट: "कसंतरी झालं" हे मला पाठ आहे. ठाण्यात तीन घरमालकांनी आडनाव ऐकून विचारलं, मासे खाता का? एकाने तर टोकन परत केलं. मुलगी सोबत होती.

तुळस: तुम्हाला घर मी नाकारलं नाही! मला रक्त बघवत नाही एवढंच म्हटलं, तर लगेच मी घरमालक?

सुकट: घरमालकही एवढंच म्हणाला होता.

तुळस: मुलीसमोर झालं ते वाईटच. पण त्याचं खापर माझ्यावर नको.

उत्तरवारा: मूळ मुद्द्यावर या. 'टेरर' २०१६ मध्ये कसं सापडलं? किंग विल्यम बेटावरच्या ग्योआ हेवन गावच्या सॅमी कोगविक या इनुइटाने बर्फातून वर आलेलं लाकूड काही वर्षांपूर्वी पाहिलं होतं. शोधजहाजावर त्याने ते सांगितलं, जहाज तिकडे वळलं.

पायथागोरस: कोगविकचं मान्य, पण तेवढंच. ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. रेला सांगणाऱ्यांनी स्वतः काहीच पाहिलं नव्हतं, सगळं दुसऱ्यांकडून ऐकलेलं. हे रेनेच लिहून ठेवलंय.

उत्तरवारा: अहो, मग ऐकीव असूनही खरं निघालं ना! कालपासून तेच तर सांगतोय.