घरात बोका, रात्रभर नाक बंद, झोपायला एकच खोली – बोका न काढता काय करता येईल?

पडवी_अमळनेर

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे गहू-दादरची (दादर म्हणजे रब्बी ज्वारी) कोठी. बोका दोन वर्षांचा, नसबंदी झालेली नाही. कातडीवर टोचून करतात ती तपासणी झाली. मांजर आणि धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव), दोन्हींना गाठ उठली. छातीत घरघर नाही, दम लागत नाही. रोज रात्री लेवोसिट्रिझिन ५ मि.ग्रॅ. चालू आहे, तरी पहाटे शिंकांची माळ लागते आणि डोळे चोळून लाल होतात.

बोका काढायचा नाही. लेकीचा जीव त्याच्यावर आहे, आणि तो गेला तर कोठीत उंदरांचं राज्य. "झोपायच्या खोलीचं दार बंद ठेवा" हा सल्ला सगळीकडे वाचला, पण उन्हाळ्यात कूलर एकाच खोलीला आणि सगळे तिथेच. अशा घरात नेमकं काय करावं? एअर प्युरिफायर कूलरसोबत चालतो का? बोक्याला आंघोळ घालून फरक पडतो का? गोधड्या दर आठवड्याला उन्हात टाकतो, तेवढं पुरे का?

गिरणाकाठ

गोधड्यांपासून सुरू करतो, कारण तुमची चूक बहुतेक तिथेच आहे.

त्रास केसांचा नसतो. मांजराच्या कातडीतल्या तेलग्रंथींत आणि लाळेत एक प्रथिन तयार होतं, त्याचं नाव फेल डी १. मांजर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, तिचे बारीक कण सुटतात. बरेच कण ५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात, त्यामुळे ते खाली न बसता तासन्‌तास हवेत राहतात. म्हणून केस झाडून काढले तरी शिंका राहतात. आणि म्हणूनच "आखूड केसांचं मांजर पाळा" या सल्ल्यात दम नाही.

आता ऊन. आपल्याकडच्या ४३-४४ अंशांच्या उन्हात गोधडी दिवसभर पडली की माइट्स मरतात, हे खरं. पण फेल डी १ उष्णतेला दाद देत नाही. गोधडी कडक वाळते, तिला उन्हाचा छान वास येतो आणि प्रथिन होतं तिथेच राहतं. ते पाण्यात मात्र सहज विरघळतं. म्हणून आधी धुवा, मग उन्हात टाका. पलंगपोस आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा, दोन पाण्यांतून खळबळून. जाड गोधडी दर आठवड्याला धुणं कोणालाच जमत नाही. तिला जुन्या सुती साडीची खोळ शिवा आणि खोळच धूत जा. गादी-उशीला दाट विणीचं चेनचं कव्हर घाला. रेक्झिनचं नको, घामाने झोप लागणार नाही आणि चार दिवसांत तुम्हीच ते काढून फेकाल.

दिवसा अंथरूण कुठे असतं ते बघा. आपल्या घरांत सकाळी वळकट्या करून कोपऱ्यात किंवा पेटीवर रचतात, आणि घरातली सगळ्यात मऊ, उंच जागा तीच असल्याने बोका दुपारभर तिथेच पसरतो. रात्री तीच गोधडी तुमच्या नाकापाशी. उन्हाळ्यात अंथरूण गच्चीवर नेत असाल तरी हेच होतं: झोप मोकळ्या हवेत, पण तोंड बोक्याच्या गादीत. वळकट्या पत्र्याच्या पेटीत ठेवा, झाकण लावा. पेटी नसेल तर दिवाणाच्या पोटात. मच्छरदाणीही रोज गुंडाळून आत. वर बांधून ठेवली तर ती बोक्याचा झोका होते.

बोक्याला त्याची स्वतःची जागा द्या, नाहीतर तो तुमची घेईल. कोठीच्या दाराशी पोतं घातलेलं खोकं, जमिनीपासून दोन-तीन फूट उंच. पोतं आठवड्याला धुवायचं.

कूलर. खिडकीत बाहेरून बसवलेला असेल तर तो तुमच्या फायद्याचा आहे, कारण तो बाहेरची हवा आत ढकलतो आणि आतली कणांनी भरलेली हवा बाहेर काढतो. अट एकच, समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. सगळं बंद करून कूलर लावला तर हवा कोंडते, दमटपणा वाढतो आणि त्यात माइट्सचं फावतं. तुम्हाला दोन्हींची अ‍ॅलर्जी आहे, म्हणजे दुहेरी नुकसान. कूलर खोलीत ठेवलेला असेल तर तो आतलीच हवा फिरवतो. ओल्या गवतात मोठे कण अडकतात, बारीक नाहीत.

आणि कूलरच्या मागे वाकून बघा. मे महिन्यात तिथली गार, ओलसर जागा मांजराला फार आवडते. तो तिथे बसत असेल तर पंखा त्याच्या अंगावरची हवा ओढून थेट तुमच्या अंथरुणावर सोडतो. मागची बाजू बारीक तारेच्या जाळीने वीतभर अंतर सोडून बंद करा. जाळी गवताला चिकटवली तर हवा कमी येते. गवत दर हंगामाला नवं, टाकी दर तीन-चार दिवसांनी रिकामी करून घासायची. कुबट वास आला तर बुरशी आली, आणि मग शिंकांचं खापर बोक्यावर फुटतं.

मनीचा_गोठा

भो, बोका शे का मांजर, हे बरं झालं आधीच सांगितलंत. नसबंदी न झालेला बोका हे प्रथिन जास्त तयार करतो. नसबंदीनंतर ते कमी होतं. एवढ्या स्वस्तात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून घ्या. भुलीआधी किती तास उपाशी ठेवायचा ते डॉक्टर सांगतील, ते काटेकोर पाळा. नंतर आठ-दहा दिवस जखम चाटू द्यायची नाही, गळ्यात कॉलर राहू द्या. मूत्र फवारणं आणि रात्रीची भांडणंही बहुतेकदा कमी होतात. आणि नसबंदीने बोका उंदीर धरायचा सोडतो ही भीती काढून टाका.

आंघोळीने अंगावरचं प्रथिन उतरतं, पण आठवड्याच्या आत पूर्ववत होतं. म्हणजे उपयोग हवा तर आठवड्याला दोनदा, आणि ते बोक्यालाही नको नि तुम्हालाही. त्याऐवजी ज्याला अ‍ॅलर्जी नाही त्याने दिवसाआड ओट्यावर नेऊन कोमट पाण्यात पिळलेल्या सुती फडक्याने पुसावं: मान, गाल, पाठ, शेपटीचं मूळ. तेलग्रंथी तिथे जास्त असतात. पुसून झालं की फडकं लगेच धुवायचं.

फरशी पुसताना फिनाईल वापरत असाल तर आजपासून बंद करा. फिनाईलमधलं फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही. ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. पाण्यात दुधाळ होणारे काळे जंतुनाशकही त्यातलेच. साबणाचं पाणी पुरे, प्रथिन त्यानेच निघतं. त्याच कारणाने मांजराला पॅरासिटामॉल कधीच नाही, तुकडासुद्धा नाही. कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका, त्यात पर्मेथ्रिन असेल तर जीव जातो.

दाराच्या चौकटी बघा. जमिनीपासून वीतभर उंचीवर तेलकट, काळपट पट्टा दिसेल. बोका येता-जाता गाल आणि अंग तिथेच घासतो. लोक फरशी तीनदा पुसतात आणि हा पट्टा वर्षभर तसाच असतो. कोमट साबणपाण्याने दर आठवड्याला पुसा. पलंगाचे पाय आणि कोठीचा कोपराही.

सातपुडा_औषधी

फक्त गोळीवर राहू नका. लेवोसिट्रिझिनने शिंका आणि खाज थांबते, पण नाक चोंदणं तिला फारसं ऐकत नाही. त्यासाठी नाकात मारायचा स्टेरॉइड फवारा लागतो, मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन. मोठ्यांना सुरुवातीला प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एकदा दोन फवारे हा नेहमीचा डोस. डॉक्टरांकडून लिहून घ्या. पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून बाटली कपाटात जाते, सगळ्यात मोठी गफलत हीच.

पद्धत: नवी बाटली हलवून बारीक धुकं येईपर्यंत हवेत मारा. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, म्हणजे टोक आपोआप कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारलं तर नाकातून रक्त येतं. जोरात ओढू नका. औषध घशात उतरलं तर वाया गेलं.

फवाऱ्याआधी नाक मिठाच्या पाण्याने धुतलं तर औषध नीट पोचतं. १ लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे मोजायच्या ५ मि.लि.च्या छोट्या चमच्याने सपाट दीड चमचा. पाणी उकळून गार केलेलंच हवं, बोअरचं किंवा नळाचं थेट नको.

नाक लगेच मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे घेऊ नका, नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. गोळी बदलून फेक्सोफेनाडिन दिली तर ती साध्या पाण्यासोबत घ्या. संत्रं-सफरचंदाच्या रसासोबत ती नीट शोषली जात नाही. "एका इंजेक्शनात वर्षभराची अ‍ॅलर्जी बंद" असं कोणी म्हटलं तर ते बहुधा लांब पल्ल्याचं स्टेरॉइड असतं. साखर आणि रक्तदाब वाढतो, पुन्हापुन्हा घेतलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं. नको.

एवढं करूनही भागलं नाही तर इम्युनोथेरपी आहे, म्हणजे अ‍ॅलर्जीचाच पदार्थ थोडाथोडा देऊन शरीराला त्याची सवय लावणं. ती ३ ते ५ वर्षांची आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात आधी दाखवून घ्या.

छातीत घरघर, रात्रीचा खोकला, बोलताना वाक्य तुटणं, यातलं काहीही सुरू झालं तर हा धागा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दमा आटोक्यात नसेल तर बोका घराबाहेरच, यात तडजोड नाही.

पडवी_अमळनेर

कूलर खिडकीत बाहेरून आहे, पण समोरची खिडकी धूळ येते म्हणून बंद ठेवत होतो. आणि वळकट्यांवरच झोपतो तो, अगदी बरोबर. दोन शंका. दिवाळीनंतर वेचलेला कापूस पुढच्या खोलीत भरलेला असतो, तेव्हा त्रास वाढतो. तो कापसाचा की बोक्याचा? आणि बोका आठ दिवस शालकाकडे ठेवून फरक पाहावा का?

गिरणाकाठ

बोका पाठवून काही कळणार नाही. तो गेल्यावरही घरातलं प्रथिन उतरायला काही महिने लागतात. आठ दिवसांत शिंका तशाच राहतील आणि तुम्ही म्हणाल बोका निर्दोष. लेकीला मात्र उगाच रडवाल.

कापसाची धूळ स्वतःच नाक चेतवते, त्याला अ‍ॅलर्जी असायलाच हवी असं नाही. त्यात कापसाचा ढीग म्हणजे बोक्याची हिवाळ्यातली ऊबदार गादी, आणि थंडीने खिडक्याही बंद. तिन्ही एकाच वेळी येतात. कापूस मागच्या खोलीत हलवा किंवा ताडपत्रीने पूर्ण झाका. वहीत रोज तीन गोष्टी लिहा: सकाळच्या शिंका, कुठे झोपलात, त्या दिवशी कापूस किंवा झाडू हाताळला का. तीन आठवड्यांत चित्र दिसतं. श्रावण ते दसरा त्रास जास्त आणि शेतावर गेल्यावर वाढत असेल तर गाजरगवताचीही तपासणी करून घ्या.

प्युरिफायर कूलरसोबत लावणं म्हणजे पैसे वाया. उघड्या खिडकीत तो गावभराची हवा गाळत बसेल. हिवाळ्यात, खिडक्या बंद असताना मात्र उपयोगी आहे. १० बाय १२ ची खोली, १० फूट उंची, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी, म्हणजे ताशी १७० घनमीटरच्या वरचं यंत्र बघा. फिल्टर खरा हेपा (अगदी बारीक कणही अडवणारा) हवा, "हेपा-टाइप" नको. ते जमिनीवर कोपऱ्यात न ठेवता अंथरुणाजवळ ठेवा.

छताच्या पंख्याचं पातं पुसताना जुना अभ्रा पात्यावर चढवून हळूच ओढून घ्या, सगळी धूळ अभ्र्यात येते. कोरडा झाडू मारायचाच असेल तर दुसऱ्याने मारावा, आणि तुम्ही तास-दोन तास त्या खोलीत जाऊ नका. तुम्हालाच मारावा लागला तर एन-९५ मास्क.

मनीचा_गोठा

लेकीचं एक राहिलं. ती बोक्याला मांडीवर घेते आणि त्याच कपड्यांत बाबांच्या अंथरुणावर लोळते, हे धरूनच चाला. बोक्याशी खेळायचा एक फ्रॉक वेगळा काढा, खुंटी कोठीपाशी. झोपण्याआधी फ्रॉक बदलून हात-तोंड धुतलं की बास. तिला कारण नीट समजावून सांगा. बोका घरात राहावा म्हणून करायचंय हे कळलं की पोरं मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात.

पडवी_अमळनेर

पेटी आजच रिकामी केली, खोळीसाठी दोन साड्या निघाल्या. नसबंदीसाठी सोमवारी दवाखान्यात जातो. जाळी किती बारीक घ्यावी?

गिरणाकाठ

अर्ध्या इंचाची, जस्ताची. कडा आत दुमडून घ्या, नाहीतर बोक्याचा पंजा फाटेल.