जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल गळतंय: अनुभव लिहा

गाडीखाली लाल डाग दिसला की पहिला हात जातो पॅनच्या (गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या परातीच्या) गास्केटला, म्हणजे जोडातून तेल येऊ न देणाऱ्या पट्टीला. गास्केट बदललं जातं, आणि पंधरा दिवसांत डाग पुन्हा हजर. ज्यांनी हे काम स्वतः केलंय किंवा रोज करतात, त्यांनी नेमकं लिहावं: गळती कुठून होती, ती कशी सापडली, काय बदललं, कुठे फसतं.

निळी चावी
आधी तेल ओळखा. ताजं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लाल, जुनं तपकिरी. बऱ्याच जुन्या गाड्यांत पॉवर स्टीअरिंगलाही हेच तेल असतं, म्हणून त्याच्या टाकीची पातळी पाहिल्याशिवाय गिअरबॉक्सला दोष देऊ नका. चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे पसरतं. त्यामुळे थेंब जिथे पडतो त्यावर विसंबायचं नाही, ओघळाचं सर्वांत वरचं आणि सर्वांत पुढचं टोक गाठायचं.

गाडी थंड असताना गिअरबॉक्स ब्रेक क्लीनरने धुवा, कोरडा होऊ द्या, वर टाल्कम पावडर भुरभुरा. पंधरा मिनिटं चालवून आणा आणि टॉर्च घेऊन खाली शिरा. पांढऱ्या पावडरीवर लाल रेघ केसासारखी उमटते आणि तिचं मूळ लगेच दिसतं. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही, स्टँड लावलेच पाहिजेत.

बारा नंबर पाना
पॅनबद्दल. गास्केट सहसा दोषी नसतं, आवळणारा हात दोषी असतो. पत्र्याच्या पॅनचे बोल्ट साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटरच्या जोरानेच आवळायचे (आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघावा). गळती दिसली की आणखी पिळतात, मग भोकाभोवतीचा पत्रा वर उचलला जातो आणि दोन बोल्टांच्या मधे फट पडते. पॅन काढल्यावर कडेवर पट्टी धरून बघा. फुगवटे दिसले तर कड सपाट लाकडावर ठेवून हातोडीने हलके ठोकून बसवा.

रबरी किंवा कॉर्कच्या गास्केटला सिलिकॉन लावू नका. गास्केट घसरून बाहेर येतं आणि आत पडलेले तुकडे फिल्टरच्या जाळीत अडकतात. काही पॅनना मुळात गास्केटच नसतं, तिथे मात्र सीलंटची सलग बारीक रेघ लागते.

फिल्टर बदलताना त्याच्या मानेचं जुनं सील वर भोकातच चिकटून राहतं. ते न काढता नवं घातलं तर फिल्टर नीट बसत नाही, पंप हवा ओढतो आणि तेलाला फेस येतो. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा असणं ठीक. धातूचे कपचे असतील तर गळती ही दुय्यम बाब आहे.

थेंबथेंब
पॅन उघडल्यावर सगळं तेल निघत नाही. एकूण 8-9 लिटर असेल तर 3-4 लिटरच येतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) आणि तेल थंड करणाऱ्या कूलरमध्ये असतं. निघालेलं मोजा, तेवढंच घाला, मग पातळी बघा. बहुतेक डिपस्टिकवाल्या (तेलाची पातळी मोजायची कांडी असलेल्या) गाड्यांत इंजिन चालू, तेल गरम, लिव्हर पार्कमध्ये. होंडात मात्र इंजिन गरम करून बंद केल्यावर लगेच, साधारण दीड मिनिटाच्या आत. डिपस्टिक नसेल तर ठरावीक तापमानाला लेव्हल प्लगमधून (पातळी तपासायच्या भोकातून) बारीक धार येईपर्यंत.

जास्त भरलं तर फिरते भाग तेल घुसळतात, फेस ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छिद्रातून) उसळतो आणि वरून सगळं ओलं दिसतं. ही गळती नव्हे, पण सील बदलण्याचा खर्च मात्र होतो. ब्रीदर मातीने बुजला असेल तर उलट प्रकार: आत दाब वाढतो आणि चांगलं सीलही पाझरतं. दोन मिनिटांचं काम आहे, आधी तेच तपासा.

टोयोटाचं टाइप टी-४ आणि डब्ल्यूएस ही अदलाबदलीची तेलं नाहीत. लाल दिसतंय म्हणून कुठलंही ओतू नका.

पार्क
गाडी रोज वापरली तर कोरडी, आठवडाभर उभी राहिली की डबकं. असं असेल तर कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू पॅनमध्ये उतरतं आणि पातळी सिलेक्टर शाफ्टच्या (लिव्हरची हालचाल गिअरबॉक्सच्या आत नेणाऱ्या दांड्याच्या) सीलच्या वर जाते. ते सील बघा, पुष्कळ गिअरबॉक्सांत ते बाहेरूनच बदलता येतं.

सैल बुश
सील गेलं तर का गेलं, हे विचारा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टचं योक (गिअरबॉक्समध्ये शिरणारं त्याचं टोक) हाताने वर-खाली हलवा. जाणवण्याइतका खेळ असेल तर आतला बुश (शाफ्टला आधार देणारी धातूची बांगडी) झिजलाय; नुसतं सील बदललं तर नवंही काही आठवड्यांत तसंच होईल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ॲक्सलवर सीलचा ओठ (रबरी कड) जिथे घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलाय. जागा असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर येतो. ओठाला एटीएफ लावा, ॲक्सल घालताना दातऱ्यांवर टेप गुंडाळा आणि टोकाचं सर्क्लिप (अडकवून धरणारी कडी) नवंच वापरा.

रेडिएटरवाले
कूलरच्या रबरी नळीला हीटरची किंवा पाण्याची नळी लावू नका, एटीएफने ती फुगते आणि फाटते. ट्रान्समिशन कूलरसाठी असलेलीच नळी हवी. रेडिएटरवरचा नट सोडवताना दोन पाने: एकाने फिटिंग धरायचं, दुसऱ्याने नट. नाहीतर फिटिंगसकट फिरून आतला कूलर पिळवटतो. तेल गुलाबी, दुधाळ झालं असेल तर कूलर आतून फुटलाय आणि रेडिएटरचं पाणी तेलात शिरलंय. गाडी तिथेच थांबवा. पाण्याने क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं.

निळी चावी
एक राहिलं. खूप जुन्या गिअरबॉक्सांत, उदाहरणार्थ जनरल मोटर्सच्या टीएच३५० किंवा फोर्डच्या सी४ मध्ये, व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर (पोकळीच्या ओढीवर) चालणारा, गिअरबॉक्समधला तेलाचा दाब ठरवणारा भाग. त्याचा पडदा फाटला की इंजिन एटीएफ ओढून जाळतं. पातळी उतरते, जमीन कोरडी, एक्झॉस्टला पांढुरका धूर. व्हॅक्यूमची नळी काढा. आत तेल दिसलं तर मॉड्युलेटर बदला.

नवशिका
बाटलीतलं स्टॉप-लीक टाकलं तर चालेल का?

सैल बुश
वयाने कडक झालेलं सील त्याने थोडं फुगतं आणि काही महिने निघतात. फाटलेल्या सीलला किंवा झिजलेल्या बुशला त्याचा उपयोग नाही. मी ते फक्त बेल हाउसिंगमधून (गिअरबॉक्सच्या इंजिनला जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या भागातून) येणाऱ्या बारीक पाझराला सुचवेन, कारण तिथलं सील बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरवलाच तर कन्व्हर्टरच्या मानेवर चर आहे का बघा आणि पंपाचा बुशही तपासा. परत चढवताना कन्व्हर्टर फिरवत आत ढकला. दोन-तीनदा 'खट्' करून तो आत सरकतो. बेल हाउसिंग इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनच्या टोकाच्या चकतीपासून) थोडी फट राहिली पाहिजे, बऱ्याच गिअरबॉक्सांत 3 ते 5 मिलिमीटर. फट नसेल तर बोल्ट आवळू नका, पंप फुटेल.