तालुक्यातली स्त्री-पुरुष समानता दरवर्षी मोजायची तर कोणते आकडे धरावेत?

करवीर_कट्टा
नमस्कार मंडळी. जागतिक आर्थिक मंचाच्या स्त्री-पुरुष दरीच्या यादीत भारत २०२४ ला १४६ देशांत १२९ वा होता, २०२५ ला १४८ देशांत १३१ वा. आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या लिंगभाव असमानता निर्देशांकात मात्र आपण १०८ वरून १०२ वर आलो. एकीकडे घसरण, दुसरीकडे सुधारणा. धरायचं काय?

खरा प्रश्न पुढचा आहे. करवीर आणि पन्हाळा या दोन तालुक्यांसाठी आमचा गट दरवर्षी चार पानांचा अहवाल काढणार आहे. सध्याची यादी अशी: लिंग गुणोत्तर, शाळेतल्या मुली, महिला सरपंच, बचत गट, बायकांची बँक खाती, ७/१२ वरची नावं, कमावत्या बायका, पोलिसांकडच्या तक्रारी. यातलं काय ठेवावं, काय गाळावं आणि आकडे कुठून घ्यावेत?

आकडेमोड
आधी क्रमांकांचं. मंचाचा निर्देशांक फक्त स्त्री आणि पुरुषांतलं अंतर मोजतो; दोघेही सारखेच गरीब असले तरी गुण चांगले पडतात. दुसरा निर्देशांक त्यात मातामृत्यू आणि किशोरवयातली बाळंतपणं मिसळतो, त्यामुळे आरोग्यसेवा सुधारली की तो सुधारतो. शिवाय क्रमांक इतर देशांवरही अवलंबून. २०२५ ला मंचाच्या यादीत भारताचे गुण ६४.१ वरून ६४.४ झाले, म्हणजे वाढले, तरी क्रमांक खाली गेला. अहवालात क्रमांक घालूच नका.

आता लिंग गुणोत्तर. या नावाखाली तीन वेगळे आकडे फिरतात आणि वर्तमानपत्रं ते बिनदिक्कत एकमेकांशेजारी छापतात. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सर्व वयांचं गुणोत्तर हजार पुरुषांमागे ९५७ बायका होतं, पण ० ते ६ वयाचं ८६३. २००१ ला हेच बालगुणोत्तर ८३९ होतं. तिसरं जन्मावेळचं, तुम्हाला हवंय ते हे. निसर्गतः ते हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली इतकं असतं.

ते ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीतून काढू नका. कायद्याने जन्म जिथे होतो तिथे नोंदतात. पन्हाळ्यातली बाई सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा शहरातल्या खासगी दवाखान्यात बाळंत झाली की नोंद महापालिकेत. वर पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे गावाच्या रजिस्टरात राहतात ते जन्म ना धड गावचे ना धड सगळे. त्याऐवजी उपकेंद्रातलं माता-बाल रजिस्टर बघा. आशा आणि एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) राहत्या पत्त्याप्रमाणे गरोदर बाईची नोंद करतात, आणि त्यात ही कितवी खेप तेही असतं. माहेरी आलेल्या बायकांच्या नोंदी वेगळ्या काढा, नाहीतर त्या दोनदा मोजल्या जातात. आरोग्य विभागाकडून नावं न मागता फक्त बेरजा मागा. त्या मिळायला सोप्या, आणि नावं आपल्याला लागतही नाहीत.

सगळ्यात बोलका आकडा कोणता विचाराल तर पहिली मुलगी असलेल्या घरातल्या दुसऱ्या अपत्याचं गुणोत्तर. मुलगाच हवा म्हणून निवड होते ती तिथे. पहिल्या खेपेचे जन्म मिसळले की ती झाकली जाते.

आणि लहान आकड्यांपासून सांभाळा. गावात वर्षाला ६० जन्म असतील तर कुणी काहीही न करता, निव्वळ योगायोगाने गुणोत्तर साधारण ५६० पासून १,६०० पर्यंत कुठेही जाऊ शकतं. २,००० जन्म घेतले तर हा पल्ला ८७० ते १,०४० होतो, १०,००० घेतले तर ९१५ ते ९९०. म्हणून गावाचा आकडा छापायचाच नाही. तालुक्याचा छापायचा, तोही तीन वर्षांची बेरीज करून. दरवर्षी सर्वांत जुनं वर्ष वगळायचं आणि नवं धरायचं. “अमुक गावात गुणोत्तर ६०० वर” अशी बातमी दिली की सरपंच आणि डॉक्टर दोघे विनाकारण अंगावर येतात, आणि पुढच्या वर्षी तेच गाव १,२०० वर गेलं की तुमचं हसं होतं.

करवीर_कट्टा
आभारी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून तालुक्याचे आकडे मिळतील का? त्यात मोबाईल, खातं, घर-जमीन सगळंच आहे.

आकडेमोड
नाही. २०१९-२१ च्या पाहणीत देशभर सुमारे ६ लाख ३७ हजार घरं होती आणि ७०७ जिल्हे, म्हणजे जिल्ह्याला ९०० च्या आसपास. बारा तालुक्यांत वाटली तर हाती काय उरणार? त्यातही खातं, मोबाईल, मालमत्ता, नवऱ्याची मारहाण हे प्रश्न राज्य पातळीसाठी घेतलेल्या १५ टक्के घरांतच विचारलेत, त्यामुळे जिल्ह्याच्या तक्त्यात ते नाहीतच. देशाचा कल सांगायला वापरा: स्वतः वापरतात असं खातं असलेल्या बायका २०१५-१६ ला ५३ टक्के होत्या, २०१९-२१ ला ७८.६. स्वतःचा मोबाईल ४५.९ वरून ५४. खाती एवढी वाढली, मोबाईल त्या मानाने रेंगाळला.

फेरफार_वही
७/१२ वरची बायकांची नावं मोजायची असतील तर थांबा. तिथे लिंगाचा रकानाच नसतो, नावावरून ओळखावं लागतं, आणि सामाईक खात्यात कुणाचा किती हिस्सा ते बहुतेक वेळा उलगडत नाही. घरांचं तर विचारूच नका. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नावं वाढणारच. त्याने घरातला शब्द कुणाचा चालतो ते कळत नाही.

त्यापेक्षा गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, बघा. खातेदार वारला की वारसांची यादी नात्यासकट तिथे येते. दहा-बारा गावं निवडा आणि मागच्या पाच वर्षांची प्रकरणं घ्या. मयताला मुलगाही आहे आणि मुलगीही, अशीच प्रकरणं वेगळी करा. मग तीन गोष्टी टिपा. मुलींची नावं यादीत आली का. आली असतील तर वारसाच्या फेरफारानंतर दोन वर्षांच्या आत नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफारांच्या वहीत, हक्कसोडपत्राचा (हिस्सा सोडून दिल्याचा) फेरफार पडला का. आणि हक्क सोडला तो सगळ्या बहिणींनी की काहींनीच.

इथे दोन ठिकाणी गफलत होते. एक, मुलींची नावंच न सांगता केलेले वारस अर्ज. ते वहीत “मुली नाहीत” असेच दिसतात. पोलीस पाटील किंवा अंगणवाडी सेविकेकडून पाच-दहा प्रकरणं पडताळून घ्या म्हणजे किती सुटतंय याचा अंदाज येईल. दोन, तोंडी वाटणी. वही वर्षानुवर्षं जुनीच राहते, म्हणून प्रकरणं मृत्यूच्या वर्षाने न लावता फेरफाराच्या वर्षाने लावा. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती २००५ ची आहे, तिची अंमलबजावणी बघायला याहून चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही.

दूध_संकलन
कमावत्या बायकांबद्दल. सरकारी श्रमबल पाहणीत ग्रामीण बायकांचा सहभाग २०१७-१८ ला २४.६ टक्के होता, २०२३-२४ ला ४७.६. या वाढीत मोठा वाटा घरच्या शेतात-धंद्यात बिनपगारी हातभार लावणाऱ्या आणि स्वतःच्या जिवावर काहीतरी करणाऱ्या बायकांचा आहे. पगाराच्या नोकऱ्या दुप्पट झाल्या असं समजू नका.

तुम्ही घरोघर विचारणार असाल तर “काम करता का?” हा प्रश्न बादच करा. दोन म्हशी सांभाळणारी बाईही “नाही ओ, घरीच असते” म्हणते. विचारायचं असं: वैरण कोण आणतं, धार कोण काढतं, दूध डेअरीला कोण घालतं, आणि दहा दिवसांचं बिल कुणाच्या खात्यावर पडतं. चौथं उत्तर पहिल्या तिन्हींपासून फुटतं, आणि तुम्हाला मोजायचंय ते हेच फुटणं. दूध संस्थेच्या सभासद यादीत बायका किती आणि त्यांतल्या किती जणींचं बिल त्यांच्याच खात्यावर जातं, हे सचिवाकडून बेरजेत मिळू शकतं. फक्त महिला दूध संस्था वेगळ्या धरा. तिथे सभासद शंभर टक्के बायकाच, त्यामुळे सरासरी फुगते.

घरकामाच्या वेळेचे आकडे छापणार असाल तर एक पथ्य. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बायकांची दिवसाला २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८ असं येतं. पण ही सरासरी घरकाम *करणाऱ्यांचीच* आहे, आणि पुरुषांत असे चारातून साधारण एक. सगळे पुरुष धरले तर ८८ चा आकडा पार खाली येतो.

करवीर_कट्टा
बँक खाती ठेवू की काढू?

दूध_संकलन
काढा. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार आधार जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून २०२४ नंतर खातं जवळपास घरोघर. महिन्याला पैसे काढायला कोण जातं आणि पिन कुणाला ठाऊक, एवढेच दोन प्रश्न ठेवा.

शिरोळकर_ताई
महिला सरपंचांची संख्याही काढा. २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत, त्यामुळे तो आकडा कायद्याचा झाला, गावाचा नाही. मोजायचंच तर सर्वसाधारण जागेवरून निवडून आलेल्या बायका मोजा. त्या थोड्या असतील, पण खऱ्या असतील. दुसरं, प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. प्रोसिडिंग बुक मागा. सह्या किती हे बघू नका, त्या घरोघर वही फिरवूनही होतात. तिथे कोणता ठराव झाला आणि तो पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आला का, ते बघा. महिला-बालकल्याणाच्या १० टक्के निधीचा खर्चही तिथेच तपासून घ्या. वर्षाअखेरीस एकाच बिलात सगळा संपलेला दिसला तर काय ते समजा.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ ला विधवा प्रथाबंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने राज्यभरच्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. तेव्हापासून “किती गावांनी ठराव केला” हा आकडा अहवालांत मिरवतो. ठराव हा निव्वळ कागद. त्यानंतर हळदीकुंकवाला, ध्वजवंदनाला, लग्नकार्यात विधवांना बोलावतात का हे आशाताईंना वर्षातून एकदा विचारलंत तरी पुष्कळ कळेल.

पोलिसांकडच्या तक्रारी वाढल्या तर “अत्याचार वाढले” असं लिहू नका. २०१९-२१ च्या पाहणीत हिंसा सोसलेल्या बायकांतल्या जेमतेम १४ टक्के जणींनी कुणाकडे मदत मागितली होती. इतकी कमी नोंद असताना तक्रारी वाढणं म्हणजे दार उघडणंही असू शकतं. त्यापेक्षा तक्रारीपासून दोषारोपपत्रापर्यंत किती महिने लागले ते मागा.

शाळेतल्या मुलींची पटसंख्या पहिली ते आठवीत आता काही सांगत नाही. दहावीतून अकरावीत किती गेल्या ते धरा. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास असतो, आगारवार पासांची संख्या हा जोडीला चांगला आकडा. फक्त त्या वर्षी एखादी फेरी बंद झाली होती का, ते आधी आगारात विचारून घ्या. शाहूवाडी-पन्हाळ्याकडच्या वाड्यांवर मुलगी शाळा सोडते की एसटी मुलीला सोडते, हे पासांच्या आकड्यावरून कळत नाही.

करवीर_कट्टा
म्हणजे आठांतले दोन काढून टाकतो, पाच बदलतो, बचत गटांचं नंतर बघतो. ६-क साठी तलाठ्याकडे तोंडी मागायचं की माहिती अधिकारात?

फेरफार_वही
आधी मंडळ अधिकाऱ्यांना भेटा आणि फक्त गाववार बेरजा हव्यात, नावं नकोत, असं लेखी द्या. कोऱ्या रकान्यांचा तक्ता तुम्हीच छापून न्या: गाव, वर्ष, एकूण वारस प्रकरणं, मुलगा-मुलगी दोन्ही असलेली, मुलींची नावं आलेली, दोन वर्षांत हक्कसोड झालेली. मार्चमध्ये जाऊ नका, वसुली असते. जूनच्या आत गेलात तर बरं, नंतर पंचनाम्यांचे दिवस येतात.