मदत हवी आहे : फ्लॅटवाउंड तारा लावल्यावर बेसच्या नेकला बाक आला आहे, ट्रस रॉड आणखी आवळावा का?

नमस्कार. माझ्याकडे चार तारांचा, ३४ इंची स्केलचा (म्हणजे तारेचा वाजणारा भाग ३४ इंच लांब असलेला) बेस गिटार आहे. त्यावर गेली सहा वर्षे मी ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीच्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) तारा वापरत होतो. तारा बदलल्या तरी नेकला (गिटारच्या लांब दांड्याला) हात लावायची वेळ क्वचितच येत असे. गेल्या रविवारी पहिल्यांदाच फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा लावल्या. जाडी तीच असल्याने नेकवर काही परिणाम होणार नाही, असे मी गृहीत धरले होते.

दुसऱ्या दिवशी बेस हातात घेतला तेव्हा बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) आसपास तारा उंच वाटल्या. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली आणि सातव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यामधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या संचाने) मोजली. पूर्वी तिथे ०.३० मिमीची पाती तारेला जेमतेम स्पर्श करून जायची, आता ०.६० मिमीची पाती तशी जाते. म्हणजे नेक तारांच्या ओढीने पुढे वाकला आहे.

कारण शोधल्यावर जे समजले ते असे : फ्लॅटवाउंड तारेवर गोल तारेऐवजी सपाट पट्टी गुंडाळलेली असते, त्यामुळे वेढ्यांमध्ये पोकळी जवळजवळ राहत नाही आणि तेवढ्याच जाडीत धातू जास्त मावतो. तारेचे वजन वाढले की तोच स्वर मिळवण्यासाठी ताणही वाढवावा लागतो. पाकिटावरची जाडी पाहून तारा निवडताना ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती.

मग तारा सुरात असतानाच ट्रस रॉड (नेकच्या आतली, नट फिरवून नेकचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळला. (हेडस्टॉककडच्या, म्हणजे नेकच्या टोकाकडच्या ज्या खाचांमधून तारा जातात त्यालाही आपण नटच म्हणतो, म्हणून स्पष्ट करतो : पुढे मी ट्रस रॉडच्या नटविषयी बोलतो आहे.) रात्रभर बेस तसाच ठेवून सकाळी मोजले तर फट ०.४५ मिमी भरली. त्यानंतर आणखी आवळायला गेलो तेव्हा नट एकदम जड लागला. अ‍ॅलन की हातात किंचित पिळल्यासारखी वाटली, म्हणून लगेच थांबलो. ट्रस रॉड तुटला किंवा नटाचे आटे गेले तर दुरुस्ती फार अवघड होते, त्यामुळे जोर लावायचे धाडस होत नाही.

सॅडल (बॉडीकडच्या बाजूला तारा ज्यांवर टेकतात ते आधार) खाली घेऊन अ‍ॅक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची कमी करता येईल, हे मला माहीत आहे. पण नेकचा बाक तसाच ठेवून सॅडल उतरवले तर वरच्या (बॉडीकडच्या) फ्रेटांवर तारा घासून आवाज करतील, म्हणून तो उपाय मला पटत नाही. इंटोनेशनही (प्रत्येक फ्रेटवर स्वर अचूक लागतो का, हे) मुद्दामच तपासलेले नाही. आधी नेक, मग तारांची उंची आणि शेवटी इंटोनेशन, हाच क्रम मी आजवर पाळत आलो आहे.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नव्या ताणाखाली नेक पूर्ण स्थिरावायला साधारण किती दिवस द्यावेत, आणि तोवर ट्रस रॉडला हात न लावणेच बरे का? तारा सैल करून, नेक हलक्या हाताने मागे दाबून धरून नट फिरवला तर तो कमी जड लागतो, असे वाचले आहे. हे आपल्यापैकी कोणी स्वतः केले आहे का, आणि नेकला नेमका कुठे आधार द्यायचा?

तिसरा प्रश्न माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. या तारांचा गोल, दबका आवाज मला मनापासून आवडला आहे आणि राउंडवाउंडकडे परत जायची इच्छा नाही. नट जड लागणे म्हणजे रॉडची मर्यादा आली असे समजून कमी ताणाच्या फ्लॅटवाउंड तारा घ्याव्यात, की केवळ आट्यांमध्ये वंगण नसल्यामुळेही तो असा अडू शकतो? या दोहोंतला फरक नट न फिरवता ओळखण्याची काही खूण असेल तर कृपया सांगावी.