दादांना अल्झायमर, भाऊ म्हणतो कुलमुखत्यारपत्र करून घेऊ

मखमलाबादची लेक:
द्राक्षबागेचा सातबारा दादांच्या एकट्याच्या नावावर आहे. सकाळी चहा घेता घेता ते छाटणीच्या तारखा घडाघडा सांगतात, अन् दुपारनंतर मलाच विचारतात, "आपण कोणाकडच्या?" भाऊ म्हणतो, सकाळीच दुय्यम निबंधकाकडे नेऊन कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार, आपल्या नावाने करून घेऊ. फाइलवर आजार लिहिलाय, म्हणजे त्यांची सही बाद झाली का? की कलेक्टरकडून पालक नेमता येतो?

गोदाकाठ:
ताई, करून टाका. आमच्या चुलत्यांच्या वेळी कोणी काही विचारलं नाही. कलम ८४ मध्ये वेड्याला सूट आहेच.

जुना कारकून:
गोदाकाठ, ८४ हे जुन्या दंड संहितेतलं, गुन्ह्यापुरतं होतं, आणि तेही आता भारतीय न्याय संहितेत कलम २२ झालंय. इथे त्याचा काय संबंध!

ताई, नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ वकिलांच्या ऑफिसात जन्म गेला माझा. नुसत्या आजाराच्या कागदाने सही बाद होत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाच तसं म्हणतो. करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे एरवी भान नसलेला माणूसही भानावर असताना करार करू शकतो. फक्त आपण काय लिहून देतोय आणि त्यात आपलं हित-अहित काय, हे त्याला त्या घटकेला कळायला हवं. छाटणीच्या तारखा पाठ असणं वेगळं.

पण खरी गोम करार कायद्याच्याच कलम २०१ मध्ये आहे. लिहून देणाऱ्याचं भान गेलं की मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवसांसाठी भावाला ते हवंय, नेमकं तेव्हाच ते निकामी. चुलत्यांच्या वेळी कोणी विचारलं नाही, कारण कोणी हरकत घेतली नाही. तुमच्या घरात हरकत घ्यायला तुम्हीच आहात की!

कलेक्टरच्या समितीचा पालक १९९९ च्या कायद्यातला. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता. अल्झायमर त्यात बसत नाही. अशा वेळी लोक मुंबईला उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालक नेमून घेतात. खर्चिक आहे, पण कागद टिकतो.

मखमलाबादची लेक:
आणि मृत्युपत्र?

जुना कारकून:
भानावर असताना करता येतं, वारसा कायदा १९२५, कलम ५९. दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला त्याच दिवसाचा घ्या. आणि दादांशी आधी एकटं बोलू द्या वकिलाला, भाऊ बाहेर बसेल.