'मेहेर'ला मराठीत काय म्हणावे?

उल्था : इराणातल्या अकराव्या शतकातील सोन्याच्या कड्यांविषयीचा मजकूर मराठीत आणतो आहे. 'वराने वधूला मेहेर म्हणून सोने द्यायचे' यातला मेहेर खोडून संपादकांनी 'हुंडा' केला. पटत नाही. शब्द सुचवा. शिवाय दागिन्याला कडे म्हणावे की पाटली?

काझीगल्ली : हुंडा मुलीकडून मुलाकडे जातो. मेहेर वराकडून येतो आणि थेट वधूच्या मालकीचा होतो. इराणात त्यालाच 'काबीन' म्हणतात. 'देज'ही नको, ते मुलीच्या बापाच्या हाती पडते. इराणी 'शीरबहा', म्हणजे दुधाचे मोल, देजाच्या जवळचे.

मिताक्षरा : 'स्त्रीधन' असताना परका शब्द कशाला? शुल्क, म्हणजे लग्नात वराकडून येणारे मोल, हा त्यातलाच प्रकार.

काझीगल्ली : स्त्रीधनात माहेरचे, सासरचे, प्रेमाने दिलेले सगळे येते. मेहेर हे कराराचे देणे आहे. दिले नाही तर नवऱ्यावर कर्ज राहते आणि तो वारल्यावर वारसांच्या वाटणीआधी फेडावे लागते. लगेच द्यायचा तो मुअज्जल, पुढे द्यायचा तो मुवज्जल. मूळ अरबी लिपीत पहिल्यात ऐन हे अक्षर, दुसऱ्यात हमजा. देवनागरीत दोन्ही सारखे छापले की अर्थ उलटतो. आणि लग्नात घातलेला प्रत्येक दागिना मेहेर नव्हे, ठरलेल्या मेहेरपोटी दिला तरच.

सोनारकी : मेहेर दिनारांत ठरला, तर एक दिनार म्हणजे एक मिस्काल वजनाचे सोने, साधारण 4.25 ग्रॅम. ही कडी पोकळ पत्र्याची असतात, आकारावरून वजन धरू नका. पाटली तर मुळीच नव्हे. खिळा ओढला की कडे उघडते. खिळ्याशेजारी अर्धगोल असतात, त्यांवर तारकाम, म्हणजे बारीक तारेची नक्षी, आणि रवे, म्हणजे सोन्याचे बारीक दाणे. डाख, म्हणजे सांधायचा धातू, जास्त झाली की रव्यांमधल्या फटी बुजतात, आच वाढली की रवेच वितळतात. काही जोड्यांत अर्धगोलांमागच्या चकतीवर खलीफा अल-कादिर बिल्ला (991–1031) याच्या नाण्याचा ठसा आहे. त्यावरून कडे 991 च्या आधीचे नाही एवढेच ठरते, नंतरचे असू शकते.

उल्था : तारकाम की तारकशी?

सोनारकी : तारकाम. तारकशी म्हणजे तार ओढणे, आणि लाकडात तार ठोकून बसवतात त्यालाही तेच नाव.

मिताक्षरा : मग 'वरदेय' कसे?

काझीगल्ली : वराला द्यायचे, असेच वाचतील लोक. फारसीत 'जर' म्हणजे सोने. जरतारी शालू आपल्याला चालतो, मग मेहेरचेच वावडे का?

मिताक्षरा : जर मराठीत मुरला आहे. मेहेर बहुतेक वाचकांना निकाहापुरताच ठाऊक.

काझीगल्ली : मजकूर निकाहाचाच आहे ना?