पाण्याखालच्या वाहनासाठी इंधनघट घ्यावा का?

प्रश्न: आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा गट पाण्याखाली चालणारे छोटे मानवरहित वाहन बांधत आहे. त्याला सरासरी १५० वॅट वीज सलग सहा तास लागेल. लिथियम बॅटरीऐवजी हायड्रोजनचा इंधनघट (फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन व ऑक्सिजनच्या संयोगातून वीज तयार करणारा घट) वापरावा असा विचार आहे. मात्र हवा मिळणार नसल्यामुळे ऑक्सिजनही बरोबर न्यावा लागेल. इंधनघटांचा कोणता संच घ्यावा, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद १: बाजारात सहज मिळणारे, पंखा लावलेले संच घेऊ नका. ते भोवतालच्या हवेतूनच ऑक्सिजन घेतात आणि त्याच हवेने थंड होतात, त्यामुळे बंद कवचात त्यांचा उपयोग नाही. शिवाय वजनाचा हिशेब मांडून पाहा. तुमच्या ०.९ किलोवॅट-तासासाठी ५० ते ६० ग्रॅम हायड्रोजन पुरेल, पण धातूच्या हायड्राइडमध्ये (हायड्रोजन शोषून साठवणाऱ्या मिश्रधातूत) तो वजनाच्या जेमतेम दीड टक्का मावतो, म्हणजे नुसता मिश्रधातूच चार किलोंच्या आसपास जाईल. ऑक्सिजनचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि संच वेगळेच. तेवढ्या ऊर्जेची लिथियम बॅटरी पाच-सहा किलोंत बसते. म्हणून सहा तासांसाठी बॅटरीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. जपानच्या ‘उराशिमा’ या पाण्याखालच्या मानवरहित वाहनाने २००५ मध्ये इंधनघटावर ३१७ किलोमीटर अंतर कापले, पण ते सुमारे दहा मीटर लांबीचे वाहन होते.

प्रतिसाद २: सहमत आहे. तरीही शिकण्यासाठी इंधनघट करायचाच असेल, तर आधी प्रयोगशाळेतील टेबलावर शुद्ध ऑक्सिजनचा बंद संच चालवून पाहा. ऑक्सिजनमधील किंचित अशुद्ध वायू घटात साचत जातो, व्होल्टेज हळूहळू उतरते आणि झडप क्षणभर उघडून तो बाहेर सोडावा लागतो. पाण्याखाली हा वायू कुठे सोडणार, हे आधीच ठरवायला हवे. १ किलो हायड्रोजनमागे ९ किलो पाणी तयार होते. ते आतच साठवल्यास वाहनाचे एकूण वजन बदलत नाही आणि तरंगण्याचा तोल सांभाळणे सोपे जाते. ऑक्सिजनच्या जोडण्यांना तेल किंवा ग्रीस मुळीच लागू देऊ नका, कारण त्यातून आग लागू शकते.

अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने पाणबुड्यांसाठी फॉस्फोरिक आम्लाचा इंधनघट विकसित केला असून त्यात हायड्रोजन साठवण्याऐवजी पाणबुडीतच तयार केला जातो. तुमच्या मार्गदर्शकांनी महाविद्यालयामार्फत तिथे पत्र लिहून तज्ज्ञांचे व्याख्यान मिळते का, हे अवश्य विचारावे.